फुकट मैदानाची किंमत

लीगच्या कमिटीने मला निवडलं, कारण मला फुटबॉल कळत नव्हता. हे मला नंतर समजलं. तेव्हा सांगितलेलं कारण वेगळं होतं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते, दिवसभर आकडे लिहिते, म्हणून माझ्या हातून हिशेब चुकणार नाही, असं ते म्हणाले.

कुवेतमध्ये भारतीयांच्या बऱ्याच फुटबॉल टीम आहेत. आमच्या लीगमध्ये केरळच्या सगळ्यात जास्त, त्याखालोखाल गोव्याच्या, आणि कोकणची एकच. ती टीम माझा नवरा चालवतो. तो एसीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. चिपळूणला कॉलेजात असताना तो गोलकीपर होता, पुढे गुडघा गेला आणि खेळणं सुटलं, पण मैदान सुटलं नाही. त्याचे खेळाडू रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावरचे. कोणी मोबाइलच्या दुकानात, कोणी हॉटेलात, कोणी गोदामात कामाला. बहुतेक मुसलमान, चार-पाच आमच्यासारखे. अर्धे मला वहिनी म्हणतात, अर्धे भाभी. शुक्रवारी दुपारी सालमियातल्या आमच्या फ्लॅटच्या दाराशी बुटांची रांग लागली की मी समजायचे, आज मॅच आहे. माझा फुटबॉलशी संबंध इतकाच.

मला निवडलं त्याच्या आदल्या हंगामात एका टीमने लीगची मजाच घालवली होती. त्या टीमचा मालक एका सुपरमार्केटचा मालक होता. त्याने भारतातून चार खेळाडू आणले, चौघंही तिकडे मोठ्या क्लबांत पगारावर खेळलेले. दिवसभर उन्हात राबून संध्याकाळी बूट घालणाऱ्या पोरांसमोर ते उतरले आणि प्रत्येक मॅच सात-आठ गोलांनी जिंकत गेले. हंगाम संपला तेव्हा दोन लहान टीम बंद पडल्या होत्या. म्हणून कमिटीने नियम आणायचं ठरवलं. एका हंगामात कोणत्याही टीमने पंधराशे दिनारपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, आणि केलेला प्रत्येक खर्च दाखवायचा. जास्त खर्च केला तर दर शंभर दिनारमागे दोन गुण कापायचे.

खैतानच्या एका हॉटेलात त्याची बैठक झाली. मी नवऱ्याबरोबर नुसती जेवायला म्हणून गेले होते. सुपरमार्केटचे मालक शांतपणे बोलले. त्यांचं म्हणणं होतं की पैसा माझा, खिसा माझा, मी चोरी केलेली नाही, मग माझ्या हौसेला कुंपण कशाला. आजही मला वाटतं, तो प्रश्न साधा नव्हता. मग हिशेब कोण बघणार यावर गाडं अडलं. केरळवाल्यांना गोव्याचा माणूस नको, गोव्याला केरळचा नको. लॅबमध्ये दिवसभर आकडेच लिहितात, म्हणून कोणीतरी माझं नाव काढलं. दुसरा म्हणाला, पण यांच्या मिस्टरांची टीम आहे ना. तिसरा म्हणाला, ती टीम असून नसून सारखीच, ती हरतेच. सगळे हसले, नवराही हसला, आणि मी निवडले गेले.

लीगचे अध्यक्ष गोव्याचे एक वयस्कर गृहस्थ होते, पस्तीसेक वर्षं कुवेतमध्ये काढलेले. नियम लिहायला मी त्यांच्या बनेद अल-गारच्या घरी दोन-तीनदा गेले. त्यांनी मला युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या गोष्टी सांगितल्या. तिथेही खर्चाला मर्यादा असते आणि तिथेही पळवाटा निघतात. मालक आपल्याच दुसऱ्या कंपनीकडून क्लबला जाहिरात देतो, आणि दहाच्या जाहिरातीला शंभर मोजतो. कोणाला गावाच्या पैशातून स्टेडियम मिळतं, कोणाला स्वतः कर्ज काढून बांधावं लागतं, आणि कागदावर मात्र दोघं सारखेच दिसतात. ते ऐकून मी माझ्या हाताने एक वाक्य जास्तीचं लिहिलं. जी वस्तू फुकट किंवा स्वस्तात मिळाली असेल, तिची किंमत बाकीच्या टीमना पडते तेवढीच धरावी. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, हे वाक्य चांगलं आहे, पण जपून, कोणाच्या ना कोणाच्या पायात येईल.

तो हंगाम सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्ये, एका खाजगी शाळेचा एसी प्लांट बंद पडला. शाळा उघडायला आठवडा राहिला होता. माझ्या नवऱ्याने आपली माणसं घेऊन गच्चीवर पाच दिवस काम केलं. कुवेतचा ऑगस्ट ज्याने गच्चीवर काढलाय त्यालाच ते कळेल. पाना हातात धरवत नाही. शाळा वेळेवर उघडली. शाळेचे मालक एक म्हातारे कुवेती गृहस्थ, ते त्याला भेटायला आले आणि तुला काय हवं म्हणून विचारलं. नवऱ्याने सहज विचारलं, की तुमचं मैदान संध्याकाळी रिकामं असतं का. हिरवंगार, दिव्यांचं मैदान. त्यांनी आठवड्यातून दोन तास आमच्या टीमला देऊन टाकलं, एक फिल्सही न घेता.

बाकीच्या टीम सरावासाठी तासाला वीस दिनार मोजून मैदान घेत. आमचे ते पैसे वाचले. त्यातून पोरांना चांगले बूट आले, आठवड्यातून एकदा एक कोच येऊ लागला, आणि रत्नागिरीचा एक मुलगा, जो मुंबईत एका क्लबकडून पगारावर खेळत होता आणि इथे गोदामात नोकरीला लागणार होता, त्याचं तिकीट टीमने काढलं. नवऱ्याने माझ्याकडे दिलेल्या कागदावर एकूण खर्च हजार दिनार होता. मैदानापुढे शून्य. मी तो कागद तपासला आणि सही केली. माझ्याच हाताने लिहिलेलं वाक्य मला तेव्हा आठवलं नाही. आठवावंसं वाटलं नाही म्हणणं जास्त खरं होईल.

आमची टीम जिंकू लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी मॅच बघायला जाऊ लागले. कडेला चटई टाकून बसायचं, संत्री सोलायची. दापोलीकडचे एक शिंपी होते, खैतानला त्यांचं दुकान. सगळे त्यांना चाचा म्हणत. पन्नाशी उलटलेली, पण टीमचा प्रत्येक शर्ट त्यांच्या हातून जायचा. ते माझ्या शेजारी बसून मला ऑफसाइड समजावायचे, आणि मला दर शुक्रवारी नव्याने समजायचा. हंगाम संपायला चार आठवडे राहिले तेव्हा आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो.

मी रोज हॉस्पिटलच्या स्टाफ बसने कामाला जाते. त्या बसचा ड्रायव्हर केरळचा, लीगमधल्या सगळ्यात लहान टीमचा कॅप्टन. त्याच्या टीममध्ये ड्रायव्हर आणि सफाई कामगार होते. त्यांना मैदान भाड्याने घेणं परवडत नसे. खैतानमध्ये इमारतींच्या मागे जो रेतीचा मोकळा तुकडा आहे, जिथे लोक गाड्या लावतात, तिथे ते गाड्यांच्या मधल्या जागेत सराव करत. एका सकाळी मी बसमधून उतरत होते, सगळे उतरून गेले होते. तो आरशातूनच म्हणाला, "सिस्टर, एक विचारू? तुमच्या घरच्या टीमच्या कागदावर मैदानाचं भाडं किती लिहिलंय?"

मी म्हटलं, ते फुकट मिळालंय.

तो वळला. त्याच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "मला तक्रार करायची नाही. पण तुमचा नियम वरच्याला आवरतो, खालच्याला उचलत नाही. निदान वरच्याला तरी आवरू दे."

त्या दिवशी लॅबमध्ये मी काम केलं, पण मन कामात नव्हतं. लॅबचा एक नियम आहे. मशीन सकाळी तपासताना आपल्याला उत्तर माहीत असलेला नमुना घालायचा, आणि मशीनने चुकीचा आकडा दाखवला तर दिवसभराचा एकही रिपोर्ट बाहेर सोडायचा नाही. मी इतकी वर्षं हे करत आले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी नवऱ्याचा कागद काढला, शून्य खोडलं आणि त्या जागी वीस आठवड्यांचे, आठवड्याला दोन तासांप्रमाणे, आठशे लिहिले. एकूण अठराशे झाले. मर्यादेपेक्षा तीनशे जास्त. सहा गुण.

कमिटीकडे नेण्याआधी मी घरी सांगायचं ठरवलं. चार लोकांत मी नवऱ्याला अहो म्हणते, घरात तू. तो जेवायला बसला होता. मी सगळं सांगितलं, बसमधलं बोलणंसुद्धा. तो भात कालवत राहिला.

"ते मैदान मला त्या माणसाने प्रेमाने दिलंय," तो म्हणाला. "प्रेमाचं भाडं किती लावतेस तू?"

"बाकीचे देतात तेवढंच," मी म्हटलं.

त्याने ताट अर्धं टाकलं नाही, आवाज चढवला नाही. जेवण पूर्ण केलं, ताट धुतलं आणि बाहेर गेला. आमची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते, आम्ही मराठीत विचारलं तरी. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती मला म्हणाली, की टीव्हीवर इंग्लंडच्या एका क्लबचे जास्त खर्चासाठी गुण कापले तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी तिला म्हटलं, हे आत्ता बाबांना सांगू नकोस. तिने नक्कीच सांगितलं असणार.

कमिटीत मी कागद ठेवला. सहा गुण गेले, आमची टीम दुसऱ्यावरून सहाव्या नंबरवर आली, आणि पुढे सेमीफायनल हुकली. माझी आधीची सही चुकीची होती हेही मी सांगितलं आणि काम सोडायची तयारी दाखवली. अध्यक्ष म्हणाले, आपली चूक स्वतः सांगणारा माणूस आम्ही सोडणार नाही. खोलीत सुपरमार्केटचे मालक बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसातून माणूस आला आणि त्यांच्या टीमची फाईल दुरुस्तीसाठी परत घेऊन गेला. आठवड्याने ती आली तेव्हा तिच्यात आधी न दाखवलेल्या खर्चाची तीन पानं जास्त होती. त्यांचेही गुण कापले गेले.

घरात पुढचे दिवस कठीण गेले. नवरा माझ्याशी बोलत होता, पण गॅस आला का, विजेचं बिल भरलं का, एवढंच. स्वतःचा डबा स्वतः भरून नेऊ लागला. त्याला माझा राग आला होता, की पोरांना तोंड कसं दाखवायचं याची लाज वाटत होती, हे मला कळेना. शुक्रवारी दाराशी बूट नव्हते.

त्याच्या पुढच्या शनिवारी चाचा आले. हातात डबा, त्यात त्यांच्या घरून कोणाच्या तरी हाती आलेली सांदणं. त्यांनी चहा घेतला, मुलीची चौकशी केली आणि मग सावकाश मुद्द्यावर आले. पोरं रागावली नाहीत, असं त्यांनी सांगितलं. पहिले दोन दिवस रागावली होती, मग रत्नागिरीचा तो पगारावर खेळलेला मुलगाच त्यांना म्हणाला, की मी ज्या क्लबात होतो तिथे चार महिने पगार मिळाला नव्हता, कारण मालकाचे कागद कोणी बघतच नव्हतं. मग चाचा नवऱ्याकडे वळले.

"भाऊ, त्या शाळेच्या साहेबांना हे आपण सांगायला हवं. त्यांच्या मैदानामुळे आपले गुण गेले, हे त्यांना बाहेरून कळलं तर त्यांना वाईट वाटेल. भाभींनाही घेऊन जाऊ. नियम त्यांनी लिहिलाय, तर त्याच सांगतील."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाला, जाऊ.

आम्ही तिघं शाळेच्या ऑफिसात गेलो. ते गृहस्थ पांढऱ्या पायघोळ दिशदाशात, मोठ्या टेबलाच्या मागे न बसता आमच्यासमोर सोफ्यावर येऊन बसले. त्यांचे वडील जुन्या काळी गलबतांतून खजूर घेऊन मुंबईला जात, त्यामुळे त्यांना मोडकं हिंदुस्तानी येत होतं आणि ते बोलायची त्यांना हौस होती. चहा आला. मी अडखळत सगळं सांगितलं. आपण दिलेल्या भेटीला या बाईने भाडं लावलं, हे त्यांना कसं वाटेल याची मला धास्ती होती. माझं संपल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं, ही तुझीच बायको ना. त्याने हो म्हटलं. ते हसले. मोठ्याने नाही, खांदे हलले नुसते.

मग त्यांनी मला विचारलं, "ज्याने तुला प्रश्न विचारला, तो कुठे खेळतो?"

मी रेतीच्या तुकड्याबद्दल सांगितलं. त्यांना तो बघायचा होता. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी ते खरोखर आले, स्वतः गाडी चालवत, बरोबर कोणी नाही. दोन गाड्यांच्या मध्ये विटांचे गोलपोस्ट मांडून ड्रायव्हर आणि सफाईवाले खेळत होते. धूळ इतकी की बॉल कधी दिसे, कधी नुसता आवाज येई. आमचा बस ड्रायव्हर त्यांना बघून थांबला, शर्टाला हात पुसून सलाम केला. म्हातारे वीस मिनिटं उभे राहिले. जाताना त्यांनी बस ड्रायव्हरला विचारलं, की कोणत्या दिवशी सुट्टी असते. बाकी काही नाही.

दहा-बारा दिवसांनी त्यांनी अध्यक्षांना बोलावून घेतलं. शाळेचं मैदान आठवड्यातून तीन संध्याकाळी लीगला मिळेल, असं त्यांनी सांगितलं. एका टीमला नाही, लीगला. सगळ्यांना पाळीपाळीने. पण फुकट नाही. दिव्यांची वीज आणि रखवालदाराचा जास्तीचा पगार, एवढं सगळ्या टीमनी सारखं वाटून द्यायचं. अध्यक्षांनी आभार मानले तेव्हा ते म्हणाले म्हणे, की फुकट दिलं तर तुम्ही पुन्हा भांडाल, आणि ती बाई पुन्हा माझ्या प्रेमाची किंमत काढेल. वाट्याला येणारी रक्कम एवढी कमी होती, की ड्रायव्हरांच्या टीमलाही ती परवडली.

हंगामाच्या शेवटच्या बैठकीत अध्यक्षांनी एक ठराव मांडला. ज्या टीममुळे सगळ्यांना मैदान मिळालं, तिचे कापलेले गुण परत द्यावेत. बरेच हात वर झाले. बस ड्रायव्हरचा सगळ्यात आधी. मी माझ्या कागदांत तोंड घालून बसले होते, कारण मला यात मत द्यायचा अधिकार नव्हता आणि मन काय म्हणत होतं तेही मला नीट कळत नव्हतं. माझा नवरा उठला. त्याला चार लोकांत बोलायची सवय नाही.

"गुण राहू द्यात," तो म्हणाला. "हिशेब बरोबर आहे."

एवढं बोलून तो खाली बसला. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी वर बघितलं नाही, कारण डोळे भरून आले होते आणि तिथे मी एकटीच बाई होते. घरी जाताना गाडीत त्याने विचारलं, उद्या डब्याला काय आहे. मी भेंडी म्हटलं. आमच्यात यावर झालेलं एवढंच बोलणं.

त्यानंतरच्या हंगामात आमची टीम पाचवी आली. ड्रायव्हरांची टीम तळातच राहिली, पण तिने तीन मॅच जिंकल्या, त्यातली एक आमच्याविरुद्ध. बंद पडलेल्या दोन टीमपैकी एक परत उभी राहिली. रत्नागिरीचा मुलगा गोदामातच पुढे बढती मिळून स्टोअरकीपर झाला आणि आता खेळतो कमी, शिकवतो जास्त. सगळं सुरळीत झालं असंही नाही. बिर्याणीवाल्याने एका टीमला फुकट जेवण दिलं तर ते खर्चात धरायचं का, यावर गेल्या वर्षी दोन तास वाद झाला. सुपरमार्केटचे मालक दरवर्षी मला तोच पहिला प्रश्न विचारतात, हसत हसत, आणि अजून मला त्याचं पुरतं उत्तर सापडलेलं नाही. मी त्यांना एवढंच सांगते की तुमच्याशी खेळायला समोर कोणीतरी उरलं पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात शाळेचे मालक वारले. त्यांच्या घरी बायकांच्या दुखवट्याच्या बैठकीला मी गेले, एकटीच भारतीय. ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून दाराशीच बसले. त्यांच्या थोरल्या मुलीने माझं नाव विचारलं, कुठे काम करता ते विचारलं. मग एकदम माझा हात हातात घेऊन तिने शेजारच्या बायकांना अरबीत काहीतरी सांगितलं. त्या सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मला वाटलं काही चुकलं. ती मला इंग्रजीत म्हणाली, "बाबा तुमची गोष्ट सगळ्यांना सांगायचे. नवऱ्याचे गुण कापणारी बाई." मग तिने मला दारातून उठवून आत आपल्या शेजारी बसवलं आणि कॉफीचा छोटा कप हातात दिला.

मैदान आता ती बघते. भाडं तेवढंच आहे. मंगळवारी आमचा सराव असतो, बुधवारी ड्रायव्हरांचा. या देशात मी नोकरीसाठी आले, चार पैसे गाठीला बांधायला आले. इथे मला असे लोक भेटतील, ज्यांनी माझ्या खोडलेल्या एका आकड्याचा राग धरला नाही, उलट त्याचा मान ठेवला, असं मला चिपळूणहून निघताना कोणी सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं आणि विसरून गेले असते. ऑफसाइड मला अजून कळत नाही. चाचा म्हणतात, आता वयही गेलं, सोडून द्या.